तीनशे सतराचं ठिगळ

पत्रेकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता घराबाहेर कुणी उरलेलं नाही. चाळीस वर्षं त्यांनी विमानांच्या पत्र्याचं काम केलं. विमानाचं अंग कुठे चेपलं, तडकलं किंवा गंजलं, की तेवढा तुकडा कापून काढायचा, त्याच मापाचा नवा पत्रा घडवायचा आणि रिव्हेट ठोकून तो असा बसवायचा की वरून हात फिरवणाऱ्याला सांधा लागू नये. निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी घरातले सगळे पोचे आलेले डबे, पातेली आणि बादल्या ठोकून सरळ केल्या. दुसऱ्या महिन्यात शेजाऱ्यांचेही डबे येऊ लागले, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, आता एखादं विमान शोधा. माझे कान किटले."

विमान शोधायला लांब जावं लागलं नाही. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीच्या टोकाला एक जुनं हँगर होतं. तिथे सात-आठ निवृत्त मंडळींनी मिळून छोटंसं विमान संग्रहालय थाटलं होतं. एक ग्लायडर, शेतांवर औषध फवारणारं एक विमान, शिकाऊ वैमानिकांचं दोन आसनी विमान आणि एका मोठ्या प्रवासी विमानाचं नुसतं नाक. त्या नाकात बसायला शाळेच्या सहली रांग लावायच्या. संग्रहालयाचा कारभार एका बाईंकडे होता. त्यांचा सगळा जन्म विमानतळाच्या टॉवरमधून वैमानिकांना सूचना देण्यात गेला होता, म्हणून त्या टॉवरबाई. कुठलीही गोष्ट सावकाश, स्पष्ट आणि दोनदा सांगायची त्यांची सवय भाजीवाल्यापुढेही सुटायची नाही.

तर या हँगरचं पुढचं लोखंडी दार रुळांवरून सरकायचं. एका सकाळी त्याचा अर्धा भाग रुळावरून उतरला आणि तिरका लटकत राहिला. खाली कुणी नव्हतं हे नशीब. तपासनीस आले, मान वर करून बराच वेळ पाहत राहिले आणि नोटीस चिकटवून गेले. दार दुरुस्त होईपर्यंत लोकांना प्रवेश बंद, आणि चार महिन्यांत ते झालं नाही तर विमानं हलवून जागा रिकामी करायची. संग्रहालयाकडे दाराला तेल घालण्याइतकेच पैसे होते.

टी-शर्ट विकायची कल्पना टॉवरबाईंची. पहिल्या खेपेला पांढऱ्या शर्टांवर संग्रहालयाचं नाव छापलं आणि त्याखाली कुठून तरी घेतलेलं एक विमान. पत्रेकाकांनी ते पाहिलं आणि हा मासा कुठला म्हणून विचारलं. दोन आठवड्यांत जेवढे शर्ट खपले तेवढे मंडळींनीच एकमेकांना आणि आपापल्या जावयांना विकले होते. उरलेल्या खोक्यांकडे बघून सगळ्यांचे चेहरे पडले.

पत्रेकाकांच्या मुलीचं बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत शर्ट छापायचं दुकान आहे. खेळाच्या संघांचे, हॉटेलातल्या कामगारांचे, पळण्याच्या शर्यतींचे असे तिचे शर्ट. तिने ती खोकी पाहिली आणि सरळ सांगितलं की दुसऱ्याच्या जाहिरातीचा कपडा कुणी विकत घेऊन घालत नाही. लोकांना आपलं काहीतरी हवं असतं. मग तिनेच सुचवलं, गिऱ्हाईक जे विमान सांगेल त्याचं चित्र शर्टावर काढायचं, खाली त्या विमानाचा शेपटीवरचा नंबर टाकायचा, आणि पाठीवर गिऱ्हाइकाला हवी ती एक ओळ.

"आणि चित्रं बाबा काढतील," ती म्हणाली.

"मला चित्र येत नाही," पत्रेकाका म्हणाले. "मला विमान येतं."

तेच तर हवं होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत खिडकीपाशी त्यांना टेबल मिळालं. पोलादी पट्टी, दोन पेन्सिली, एक बारीक निबाचं काळं पेन आणि भिंग, एवढंच सामान. पुढच्या खोलीत हीट प्रेसचं यंत्र तापलेलं असायचं आणि गरम कापडाचा वास पार मागपर्यंत यायचा. मुलगी त्यांचं चित्र स्कॅन करून कागदावर उतरवायची, कागद शर्टावर ठेवायची, यंत्राचं झाकण दाबायची आणि काही सेकंदांत विमान कापडावर. पत्रेकाकांच्या चित्रात रिव्हेटच्या ओळी मोजून घ्याव्यात इतक्या चोख असत. चाकाच्या झाकणाची बिजागरी कुठल्या अंगाला आहे, तेसुद्धा चुकायचं नाही.

टॉवरबाईंनी आठवडी बाजारात टेबल मांडलं. "मीडियम, निळा. पुन्हा सांगते, मीडियम, निळा," असं त्या गिऱ्हाइकाला वाचून दाखवायच्या आणि गिऱ्हाईकही नकळत दोनदा हो म्हणायचं. बघता बघता मागण्या येऊ लागल्या. कुणाला वडील ज्या विमानात इंधन भरायचे ते हवं होतं. एका निवृत्त हवाई सेविकेला पहिल्या नोकरीतलं विमान हवं होतं, आणि पाठीवर 'पट्टा बांधा' एवढंच. एका गृहस्थांना तर चुकलेलं विमान हवं होतं. त्यांनी खुलासा केला की त्या दिवशी विमान चुकलं म्हणून प्रतीक्षागृहात सहा तास बसावं लागलं आणि शेजारच्या खुर्चीवर त्यांची आत्ताची बायको बसली होती. पाठीवर त्यांनी 'उशीर झाला' असं लिहून घेतलं. त्यांच्या बायकोनेही तसलाच एक शर्ट मागवला, फक्त तिच्या पाठीवरच्या ओळीत 'झाला'पुढे प्रश्नचिन्ह होतं.

वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली तेव्हा तर मुलीचे नाकीनऊ आले. आणि त्याच आठवड्यात, सोमवारी दुपारी, चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात तीनशे सतरा नंबर आला.

तीन शर्ट. एक मोठा, एक मध्यम, एक लहान मुलाचा. विमान: रुग्णांना नेणारं एका इंजिनाचं, शेपटीवर तीनशे सतरा. पाठीवर काही नको.

पत्रेकाकांनी ती चिठ्ठी वाचली आणि गठ्ठ्याच्या तळाशी ठेवली. दुसऱ्या दिवशी ती वर आली, तेव्हा पुन्हा तळाशी. तिसऱ्या दिवशी ते दुकानात आलेच नाहीत, गुडघा दुखतो म्हणाले. बायकोच्या लक्षात आलं की गुडघा कुठला ते त्यांना विचारल्यावर आठवावं लागलं.

एकतीस वर्षांपूर्वी पत्रेकाका रुग्णविमानांच्या कार्यशाळेत होते. तीनशे सतराच्या डाव्या पंखाला खालून चीर पडली होती. मंगळवारी त्यांनी ती कापून काढली आणि तिसऱ्या-चौथ्या फासळीच्या मध्ये नवा पत्रा बसवला, दुहेरी ओळीत रिव्हेट मारून. कार्यशाळेत याला सगळे ठिगळच म्हणत. फोरमनने पाहिलं, सही केली. विमान बुधवारी उडालं आणि सुखरूप परत आलं. गुरुवारी एका रुग्णाला घेऊन निघालं आणि वाटेत शेतात कोसळलं. जीव कुणाचा गेला नाही. रुग्ण आणि बरोबरची सिस्टर खरचटण्यावर सुटले, वैमानिकाच्या पायाचा मात्र चुरा झाला. संध्याकाळी कार्यशाळेत बातमी आली ती एवढीच, की डावा पंख फाटला.

चौकशीचे लोक आले. त्यांनी पत्रेकाकांना तीन प्रश्न विचारले. पत्रा किती जाडीचा होता, रिव्हेट कुठल्या खोक्यातले होते, काम तपासलं कुणी. उत्तरं लिहून घेतली आणि नोंदवहीचं पान सोबत नेलं. पुढच्या महिन्यात पत्रेकाकांची बदली झाली. बदलीचा अर्ज त्यांनीच वर्षभर आधी केला होता, पण ते त्यांच्या डोक्यातून गेलं. शिक्षा न करता आपल्याला गपचूप बाजूला सारलं, असं ते धरून चालले. कुणी काही बोललं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि ते ऐकायची त्यांची छाती नव्हती.

तेव्हापासून ते प्रत्येक काम दोनदा तपासू लागले. नव्या कार्यशाळेत त्यांना संथ म्हणून हसायचे. घरी निजताना गॅस बंद आहे का हे तीनदा उठून बघायचे, दाराची कडी दोनदा. मुलीला वाटायचं, बाबांचा स्वभावच आहे. लग्नाच्या वेळचा माणूस असा नव्हता हे बायकोला ठाऊक होतं, पण त्या दिवसांत दोनदा विचारून पाहिलं आणि दोन्ही वेळा ते उठून अंगणात गेले, म्हणून तिने विषय सोडला होता.

चौथ्या दिवशी मुलगी चिठ्ठी घेऊन घरी आली. गिऱ्हाइकाचा फोन आला होता, शनिवारी ते स्वतः न्यायला येणार होते. आता मात्र पत्रेकाकांनी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून सगळं सांगितलं, नोंदवहीच्या पानापासून. बायको ओट्यापाशी उभी होती. तिने हातातली कणीक तशीच ठेवली. मुलगी म्हणाली की आपण ही मागणी नाकारू, विमान सापडलं नाही असं कळवू. पत्रेकाकांनी चिठ्ठी तिच्या हातून घेतली. मग म्हणाले, विमान सापडत नाही असं कसं सांगू, डोळे मिटले तरी दिसतं.

दुसऱ्या दिवशी ते टेबलाशी बसले. नेहमी ते विमान बाजूने काढायचे. तीनशे सतरा त्यांनी खालून काढलं, डोक्यावरून जाताना दिसेल तसं, दोन्ही पंख पसरलेलं. आणि डाव्या पंखाखाली, तिसऱ्या आणि चौथ्या फासळीच्या मध्ये, दुहेरी रिव्हेटांचा चौकोनही काढला. मुलीने विचारलं, हे कशाला, कुणाला कळणार आहे. ते म्हणाले, ते होतं म्हणून.

शनिवारी सकाळी दुकानात एक उंच म्हातारा आला, काठी टेकत. सोबत त्याची मुलगी आणि सहा-सात वर्षांची नात. मागच्या खोलीत पत्रेकाकांना काठीचा आवाज ऐकू आला. दोन्ही खोल्यांच्या मध्ये दाराऐवजी जाड पडदा होता. ते पेन हातात धरून पडद्याकडे बघत बसले.

पत्रेकाकांच्या मुलीने तिन्ही शर्ट काउंटरवर पसरले. नातीने तिचा लगेच अंगात घातला, फ्रॉकवरूनच. म्हाताऱ्याने मोठा शर्ट उचलला, खिडकीपाशी नेला, चष्मा कपाळावर सारला आणि कापड डोळ्यांजवळ धरलं. मग त्याने विचारलं, "हे चित्र कुणी काढलं?"

मुलगी अडखळली. म्हणाली, आमच्याकडे एकजण आहेत.

"बाहेर मिळणाऱ्या फोटोत हे ठिगळ कुठे दिसत नाही," म्हातारा म्हणाला. "हे ज्याने मारलं त्यालाच माहीत. किंवा मला."

आता लपण्यात अर्थ नव्हता. पत्रेकाका पडदा सारून बाहेर आले. त्यांनी काउंटरची कड धरली. त्यांनी माफीचं वाक्य जुळवून ठेवलं होतं, पण चाळीस वर्षं पत्र्यात घालवलेल्या माणसाच्या तोंडून बाहेर पडलं ते वेगळंच.

"साहेब, फाटलं कुठून?"

म्हाताऱ्या वैमानिकाने शर्ट काउंटरवर ठेवला आणि बोट पंखाच्या टोकाशी नेलं. इंजिन हवेतच बंद पडलं होतं. त्याने विमान शेतात उतरवायला घेतलं, ते जवळजवळ उतरलंही होतं, तेवढ्यात कुंपणाचा सिमेंटचा खांब डाव्या पंखाच्या टोकाला लागला. पत्रा टोकापासून आत फाटत आला. बोलता बोलता त्याचं बोट कापडावरून आत सरकत होतं. ते चौकोनाच्या कडेला येऊन थांबलं.

"इथपर्यंत आला, मिस्त्री. इथे थांबला. पलीकडे हातभर अंतरावर टाकी होती, अर्धीअधिक भरलेली. मी पाय अडकून पडलो होतो आणि इंजिन तापलेलं होतं. टाकी फाटली असती तर आज ही पोर हा शर्ट घालून नाचली नसती."

मुलीने स्टूल पुढे केलं आणि पत्रेकाका त्यावर बसले.

वैमानिकाने पुढचं सगळं हळूहळू सांगितलं. हॉस्पिटलातून बाहेर आल्यावर त्याने चौकशीचा अहवाल मागवून वाचला होता. दुरुस्तीचा भाग शाबूत आढळला, असं त्यात एका ओळीत होतं. ते वाचून त्याने कार्यशाळेत निरोप पाठवला, ठिगळ कुणी मारलं म्हणून. मिस्त्रींची बदली झाली, पत्ता नाही, एवढंच कळलं. मग शस्त्रक्रिया, घर बदलणं, यात ते राहूनच गेलं.

"आणि इंजिन?" पत्रेकाकांनी विचारलं.

वैमानिकाने आधी आपल्या मुलीकडे पाहिलं, मग काठीकडे. इंधनात पाणी उतरलं होतं, तो म्हणाला. उडण्याआधी टाकीखालचा नळ सोडून थोडं इंधन पेल्यात घ्यायचं आणि पाणी आहे का ते बघायचं, हे वैमानिकाचं काम. त्या सकाळी रुग्णाची अवस्था वाईट होती, घाई होती, आणि त्याने ते केलं नाही. अहवालात हेही एका ओळीत होतं. "घरी मी नेहमी इंजिन बिघडलं एवढंच सांगितलं," तो म्हणाला. त्याची मुलगी हे पहिल्यांदाच ऐकत होती. ती वडिलांच्या दंडाला धरून उभी राहिली.

पत्रेकाकांच्या जिवात जीव आला, पण पुरता नाही. आयुष्यभर प्रत्येक गोष्ट दोनदा तपासणारा माणूस तोंडी शब्दावर कसा विसंबेल? हे वैमानिकाला बहुधा कळलं असावं. दुसऱ्याच दिवशी त्याची मुलगी एक जुनं पाकीट घेऊन त्यांच्या घरी आली. त्यात अहवालाची प्रत होती आणि सोबत तुटलेल्या पंखाचा काळा-पांढरा फोटो. पत्रेकाकांनी जेवणाचं टेबल पुसून घेतलं, फोटो ठेवला आणि भिंग लावलं. खालच्या कडेचे रिव्हेट मोजले. अठरा. वरच्या कडेचे अठरा. एकही निसटलेला नव्हता. फाटका पत्रा चुरगळलेल्या कागदासारखा त्या ओळीपर्यंत आला होता आणि ओळीला हात न लावता वर मुडपला होता.

त्यांनी पुन्हा मोजले. मग भिंग बायकोच्या हातात दिलं आणि म्हणाले, "तू मोज."

तिने मोजले. तिला छत्तीसच्या जागी पस्तीस आले, तेव्हा त्यांनी फोटो उजेडाकडे सरकवला. मग तिला बोटाखाली दडलेला एक सापडला आणि दोघांचाही जीव भांड्यात पडला. तिने भिंग खाली ठेवलं. म्हणाली, इतकी वर्षं मला वाटत होतं तुम्ही माझ्यावरच कशावरून तरी रागावलात. ते ऐकून पत्रेकाकांना रडू आलं. फोटो बघताना आलं नव्हतं.

हे सगळं मला त्यांच्या मुलीने सांगितलं. ती म्हणते, बाबा त्या दिवशी दुपारी जेवून झोपले ते दिवे लागायच्या वेळी उठले, आणि उठल्यावर भूक लागली म्हणाले. त्यानंतर त्यांची बडबड सुरू झाली. कार्यशाळेतले किस्से, फोरमनच्या नकला, कुणाच्या डब्यात कुणी रिव्हेट टाकले होते, हे सारं तिला तिशी उलटल्यावर पहिल्यांदा ऐकायला मिळालं.

शर्टांच्या पैशातून दाराचे रूळ आणि चाकं नवीन आली. मुदतीला अकरा दिवस शिल्लक असताना तपासनीस पुन्हा आले. टॉवरबाईंनी दार स्वतः एका हाताने सरकवून दाखवलं. "दार बंद. पुन्हा सांगते, दार बंद." तपासनिसांनी नोटीस काढून घेतली आणि जाताना एक शर्ट मागितला, मोठ्या मापाचा.

वैमानिक आता दर शनिवारी संग्रहालयात येतो. प्रवासी विमानाच्या नाकात मुलांना बसवून कुठली कळ कशाची ते सांगतो, आणि पहिल्यांदा इंधन तपासायला लावतो, टाकी नसली तरी. पत्रेकाका बाहेर बाकावर लहानशा पत्र्यावर रिव्हेट मारायला शिकवतात. चहाच्या वेळी दोघांचं हमखास वाजतं. विषय एकच, तीनशे सतराच्या अंगावरची पट्टी तांबडी होती की नारिंगी. वैमानिक म्हणतो तांबडी, मी ते उडवत होतो. पत्रेकाका म्हणतात नारिंगी, मी ते धुवत होतो. फोटो काळा-पांढरा, त्यामुळे त्याचा उपयोग नाही. शेवटी टॉवरबाईंनी खटपट करून त्या दिवशी विमानात असलेल्या सिस्टरांचा पत्ता मिळवला आणि त्यांना पत्र टाकलं.

गेल्या आठवड्यात त्यांचं उत्तर आलं. अक्षर मोठं आणि सुबक. तब्येतीची चौकशी, दोघांना नमस्कार, मध्यम मापाच्या एका शर्टाची मागणी, आणि शेवटी लिहिलं होतं की पट्टी त्यांना अगदी लख्ख आठवते, ती हिरवी होती.